लहान कार्यालयासाठी स्वस्त सर्व्हर : निवड आणि निगा
(वसई-विरार परिसरातील संस्था, ग्रामपंचायती व बागायतदारांसाठी)

वसई तालुका केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुले यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला आणि नागरी वस्ती झपाट्याने वाढली. तरीही पश्चिमेकडील वाड्यांतून मोगरा पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जातो आणि पूर्वेकडे डोंगरपायथ्याच्या गावांत भातशेती होते. या साऱ्या व्यवहारामागे नोंदींचा मोठा पसारा असतो. सभासदांचे अर्ज, कर्जाच्या वह्या, खते व बियाण्यांच्या पावत्या, मालाची वजने, आडत्यांचे हिशोब, सभांची इतिवृत्ते या सर्व नोंदी आता उत्तरोत्तर संगणकावर जात आहेत.

केंद्र शासनाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली व तीसाठी २,५१६ कोटी रुपयांची तरतूद केली. यामुळे गावपातळीवरील संस्थांत संगणक आले. परंतु संगणक येणे आणि संगणकातील नोंदी सुरक्षित राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. अनेक ठिकाणी सर्व मजकूर एकाच यंत्रात साठविलेला असतो, ते यंत्र जमिनीवर ठेवलेले असते आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नसते.

जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार येथील सखल भाग पाण्याखाली गेला. रुळांवर पाणी आल्याने लोकलगाड्या थांबल्या आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद राहिला. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाच्या वेळीही या भागाने वीज खंडित होण्याचा त्रास सोसला. अशा प्रसंगी भिजलेली खुर्ची वाळविता येते, परंतु नष्ट झालेली कर्जाची नोंद परत आणता येत नाही. कोणी किती फेडले व कोणाकडे किती येणे आहे, याचा पुरावा नाहीसा झाला की संस्था आणि सभासद यांच्यातील विश्वासालाच तडा जातो. म्हणूनच लहान, स्वस्त व विश्वसनीय सर्व्हर कसा निवडावा, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

वसईच्या गावांत बावखले असतात. पावसाचे पाणी बावखलात साठते, भोवतालच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो आणि पाऊस थांबल्यावरही वाडीचे काम अडत नाही. कार्यालयातील सर्व्हरचे कार्य काहीसे असेच असते. सर्व कर्मचाऱ्यांना लागणारा मजकूर एका ठिकाणी साठवून तो ज्याला जेव्हा हवा तेव्हा देणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तो अहोरात्र चालू असतो. त्याला पडदा व कळफलक कायम जोडलेला असण्याची गरज नसते. कार्यालयातील इतर संगणक व मोबाइल फोन केबलने किंवा वाय-फायने त्याच्याशी जोडलेले असतात. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी कार्यालयातल्या कार्यालयात काम चालू राहते, हा त्याचा महत्त्वाचा लाभ होय.

सर्व्हर म्हटले की मोठी खोली, थंड हवेचे यंत्र आणि लाखो रुपयांचा खर्च अशी कल्पना होते. मोठ्या बँकांच्या बाबतीत ती खरी आहे. परंतु चार-सहा माणसांच्या कार्यालयाला पुस्तकाएवढे यंत्र पुरे होते.

गरज आहे की नाही, हे प्रथम ठरवावे

ज्या कार्यालयात एकच व्यक्ती एकाच संगणकावर काम करते, तेथे सर्व्हर घेण्याची निकड नाही. अशा ठिकाणी दोन बाह्य हार्डडिस्क घेऊन आळीपाळीने नोंदींच्या प्रती काढाव्यात, तेवढे पुरे. सातबारा उतारे किंवा शासकीय प्रणालीत भरलेली माहिती शासनाच्या केंद्रावर असतेच. केवळ तिच्यासाठी वेगळी व्यवस्था करणे हा अनाठायी खर्च होय.

पुढील परिस्थितीत मात्र सर्व्हर उपयोगी पडतो : तीन किंवा अधिक संगणकांवर एकाच नोंदी लागत असतील, पेनड्राइव्हने मजकूर इकडून तिकडे नेल्यामुळे एकाच यादीच्या वेगवेगळ्या प्रती तयार होत असतील, जुनी दप्तरे स्कॅन करून ठेवावयाची असतील, किंवा बागायतदाराच्या घरी हिशोब, छायाचित्रे व मुलांचा अभ्यास यांसाठी घरातील सर्वांना एक समाईक साठा हवा असेल.

साठा किती लागेल, याचा अंदाज

यंत्र घेण्यापूर्वी मजकुराचे माप काढावे. स्कॅन केलेले साधे पान सुमारे १ मेगाबाइट जागा घेते असे धरू. एखाद्या संस्थेचे ५०० सभासद असून प्रत्येकाची २० पाने असली, तर १०,००० पाने होतात व त्यांस सुमारे १० गिगाबाइट जागा लागते. दरवर्षी तेवढीच भर पडली तरी दहा वर्षांत एकूण साठा ११० गिगाबाइटच्या आसपास राहतो. आज मिळणाऱ्या १ टेराबाइटच्या, म्हणजे सुमारे १,००० गिगाबाइटच्या, डिस्कमध्ये हा मजकूर सहज मावतो. म्हणून केवळ विक्रेता सांगतो म्हणून मोठ्या क्षमतेच्या डिस्कवर पैसा घालू नये. तोच पैसा दुसऱ्या प्रतीवर खर्च करावा. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांचे चित्रण फार जागा खाते. त्यासाठी स्वतंत्र यंत्र ठेवावे, ते दप्तराच्या सर्व्हरवर लादू नये.

यंत्रांचे चार प्रकार

(१) एका पट्टीचा संगणक : रास्पबेरी पाय हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. इंग्लंडमधील केंब्रिज येथील संस्थेने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये तो विक्रीस आणला. साधारणपणे ३ ते ८ वॉट विजेवर तो चालतो. शाळेतील वाचनसाहित्य किंवा घरातील लहान साठा यांसाठी तो उत्तम आहे. मात्र तो मेमरी कार्डवर चालविल्यास सततच्या नोंदींमुळे कार्ड लवकर खराब होते. म्हणून हिशोबाचे काम त्यावर करावयाचे असल्यास एसएसडी जोडणे आवश्यक आहे. पेटी, वीजपुरवठा व एसएसडी यांची किंमत मिळविल्यावर तो दिसतो तितका स्वस्त राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

(२) नवा मिनी संगणक : इंटेल कंपनीच्या एन-१०० यासारख्या कमी वीज घेणाऱ्या प्रोसेसरवर चालणारी ही यंत्रे २०२३ पासून बाजारात आली. साधारण कामात ती ८ ते १५ वॉट घेतात. ८ गिगाबाइट मेमरी असलेले असे यंत्र पाच-सहा माणसांच्या कार्यालयाला पुरे पडते. पुढे काम वाढण्याचा संभव असल्यास १६ गिगाबाइट घ्यावी.

(३) वापरलेला लहान कार्यालयीन संगणक : मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले संगणक काढून टाकतात. डेल, एचपी व लेनोवो यांचे अशा प्रकारचे लहान संगणक मुंबईच्या बाजारात मिळतात. त्यांची बांधणी मजबूत असते व सुटे भाग उपलब्ध होतात. विंडोज १० या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे असे पुष्कळ संगणक कार्यालयांतून निघाले आहेत. लिनक्स प्रणाली घालून ते अनेक वर्षे वापरता येतात. खरेदी करताना मात्र जुनी डिस्क बदलून नवी घालावी, लेखी हमी घ्यावी आणि यंत्र दुकानात तासभर चालवून पाहावे.

(४) तयार साठवण-पेटी : हिला नॅस असे म्हणतात. सिनॉलॉजी, क्यूनॅप इत्यादी कंपन्या अशा पेट्या बनवितात. दोन डिस्कांची पेटी १५ ते ३० वॉट घेते. ती उभारणे सोपे असते, त्यामुळे संगणकाचा जाणकार जवळ नसलेल्या संस्थेस ती सोयीची. परंतु तेवढ्याच कामासाठी ती मिनी संगणकापेक्षा महाग पडते व डिस्कांचा खर्च वेगळा करावा लागतो.

मोफत यंत्र नेहमीच स्वस्त नसते

एखादा हितचिंतक आपला जुना मोठा संगणक संस्थेस देणगी म्हणून देतो. तो घेण्यापूर्वी विजेचा हिशोब करावा. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालतो. ६० वॉटचा जुना संगणक वर्षाला सुमारे ५२६ युनिट वीज खातो, तर १२ वॉटचा मिनी संगणक सुमारे १०५ युनिट. फरक ४२१ युनिटांचा झाला. युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाला ४,२१० रुपये व तीन वर्षांत १२,६३० रुपये वाचतात. म्हणजे फुकट मिळालेले यंत्र तीन वर्षांत एका लहान यंत्राइतकी रक्कम विजेच्या बिलातून वसूल करते. आपल्या बिलावरील दर घेऊन प्रत्येक संस्थेने हा गुणाकार स्वतः करून पाहावा.

खरेदीचा अंदाज करताना यंत्र, डिस्का, यूपीएस, केबल व स्विच आणि पाच वर्षांची वीज अशी पाच कलमे मांडावीत. केवळ यंत्राच्या किमतीवर निर्णय घेऊ नये. मेमरी व डिस्का यांचे भाव वरचेवर बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यातच तीन दरपत्रके मागवावीत. वीज-अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आहे की नाही, हे पाहावे. निकृष्ट अडॅप्टरमुळे चांगले यंत्रही निकामी होते.

एक प्रत म्हणजे एकही प्रत नव्हे

सर्व्हरमध्ये दोन डिस्का बसवून एकच मजकूर दोन्हींवर एकाच वेळी लिहिण्याची सोय असते. एक डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही, हा तिचा गुण. परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसली जाते. पुराचे पाणी, आग, चोरी किंवा घातक प्रोग्राम यांपासूनही ती संरक्षण देत नाही. म्हणून या सोयीला सुरक्षित प्रत समजणे ही गंभीर चूक होय.

जाणकार ३-२-१ हा नियम सांगतात. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या जागी असावी. गावातील संस्थेने पहिली प्रत सर्व्हरवर, दुसरी बाह्य हार्डडिस्कवर आणि तिसरी अन्यत्र ठेवावी. ही तिसरी प्रत दुसऱ्या गावातील शाखेत, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा इंटरनेटवरील भाड्याच्या साठ्यात असू शकते. वसईच्या सखल भागातील संस्थेने ही प्रत त्याच आळीत ठेवण्यात अर्थ नाही. एका पुरात दोन्ही ठिकाणी पाणी शिरेल.

इंटरनेटवरून प्रत पाठविताना वेगाचा विचार करावा. १०० गिगाबाइट मजकूर १० मेगाबिट वेगाने वर पाठविण्यास सुमारे २२ तास लागतात. म्हणून इंटरनेट संथ असल्यास तिसरी प्रत डिस्कवर ठेवणे सोपे. वेग बरा असल्यास पहिली मोठी प्रत रात्रींतून पाठवावी आणि पुढे रोज फक्त नवी भर पाठवावी.

प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. तीन महिन्यांतून एकदा कोणतीही दहा पाने निवडून ती प्रतीवरून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. न तपासलेली प्रत ही उगवणशक्ती न तपासलेल्या बियाण्यासारखी असते. पेरणी झाल्यावर दोष कळून उपयोग नसतो.

केबल, वाय-फाय आणि वीज कोसळणे

सर्व्हर व संगणक शक्य तेथे केबलने जोडावेत. कॅट-५ई किंवा कॅट-६ जातीची केबल १०० मीटरपर्यंत चालते. जुना १०० मेगाबिटचा स्विच १०० गिगाबाइट मजकूर हलविण्यास दोन तासांहून अधिक वेळ घेतो, तर गिगाबिट स्विचला सुमारे पाव तास लागतो. किमतीतील अल्प फरकासाठी जुना स्विच घेऊ नये.

घर आणि वाडीतील गोदाम या दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल उघड्यावरून नेणे टाळावे. पावसाळ्याच्या आरंभी जवळपास वीज कोसळल्यास केबलमधून दाब येऊन दोन्हीकडील यंत्रे जळतात. अशा ठिकाणी फायबर वापरावा किंवा समोरासमोर दिसणाऱ्या दोन अँटेनांनी बिनतारी जोड द्यावी. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बहुतेक लहरी भारतात ऑक्टोबर २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात.

पालघर जिल्ह्यातील अनुभव

बिनतारी जोडणीच्या बाबतीत पालघर जिल्ह्याला उल्लेखनीय इतिहास आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने (आयआयटी) प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प येथे राबविला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींतून इंटरनेट नेण्याचा प्रयोग खामलोली परिसरातील सात गावांत करण्यात आला. या लहरी झाडीतून अधिक चांगल्या रीतीने जातात व काही किलोमीटर अंतर तोडतात. २०१७ मध्ये मोझिला या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या प्रकल्पास १,२५,००० डॉलरचे प्रथम पारितोषिक मिळाले.

लहान कार्यालयाने यातून घ्यावयाचा बोध असा की, कमी वीज घेणारी व परवडणारी साधने ग्रामीण परिस्थितीला जुळवून घेतल्यास चांगले काम देतात. मात्र गावापर्यंत पोहोचलेले इंटरनेट आणि गावातील प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचलेली नोंद यांमधील अंतर ज्याचे त्यानेच भरून काढावयाचे असते. सर्व्हर व त्याचे अंतर्गत जाळे हे काम करतात.

प्रोग्राम कोणते घालावेत?

सर्व्हरसाठी परवाना-शुल्क न लागणारे चांगले प्रोग्राम उपलब्ध आहेत. डेबियन ही लिनक्स प्रणाली १९९३ पासून विकसित होत असून तिची स्थिरता प्रसिद्ध आहे. ओपनमीडियाव्हॉल्ट हा प्रोग्राम तिच्यावरच आधारलेला आहे व ब्राउझरमधून त्याची सर्व व्यवस्था पाहता येते. नवशिक्या कार्यकर्त्याने येथून प्रारंभ करावा. विंडोजच्या संगणकांना सर्व्हरवरील फोल्डर दिसावेत यासाठी सांबा हा प्रोग्राम असतो. मोबाइल फोनवरूनही कागद पाहावयाचे असल्यास नेक्स्टक्लाउड घालावा, परंतु त्याला अधिक देखभाल लागते. शाळेसाठी किविक्स या प्रोग्रामद्वारे मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. जेवढे लागतील तेवढेच प्रोग्राम घालावेत. संस्थेचा हिशोबाचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो की नाही, हे खरेदीपूर्वी त्याच्या पुरवठादारास विचारावे.

जागा, हवा व पाणी

वसईच्या किनारी भागात हवा खारट व दमट असते. अर्नाळा, कळंब, रानगाव या बाजूला लोखंडी सामानाला लवकर गंज चढतो, तसाच तो संगणकाच्या जोडांनाही चढतो. शक्यतो पंखा नसलेले यंत्र घ्यावे, म्हणजे खारी धूळ आत ओढली जात नाही. यंत्र भिंतीवर, खिडकीपासून दूर व पूर्वीच्या पुराच्या खुणेपेक्षा पुष्कळ वर बसवावे. वरचा मजला उपलब्ध असल्यास तेथेच ठेवावे. ते पूर्ण बंद कपाटात कोंडू नये, कारण उष्णतेने डिस्कचे आयुष्य घटते. जाळीचे दार लावल्यास पाल व झुरळे यांचाही उपद्रव टळतो.

वीज अचानक गेल्यास अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. म्हणून यूपीएस हा अनिवार्य समजावा. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. तिच्यात कागदोपत्री ८४ वॉट-तास वीज मावते. प्रत्यक्षात निम्मी मिळाली तरी सर्व्हर व राउटर मिळून २५ वॉटचा भार तास-दीड तास चालतो. मोठ्या संगणकाला तीच बॅटरी अर्धा-पाऊण तासही पुरत नाही. बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी जोडणी यूपीएसच्या केबलने करून घ्यावी. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी.

कुलूप आणि जबाबदारी

सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती व जमिनीचे तपशील सर्व्हरवर असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केंद्रीय कायदा झाला आहे. परंतु कायद्याआधी शेजारधर्माने ही जबाबदारी घातलेली आहे. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द द्यावा. कर्मचारी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे. सर्व्हरचा दरवाजा थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बाहेरून पाहण्याची गरजच असल्यास जाणकाराकडून व्हीपीएन लावून घ्यावे. महिन्यातून एकदा प्रोग्रामांच्या सुधारणा घालाव्यात. कार्यालयाच्या वाय-फायचा परवलीचा शब्द पाहुण्यांना देऊ नये.

मुख्य परवलीचा शब्द एकाच माणसास ठाऊक असणे धोक्याचे असते. तो लिहून लखोट्यात मोहोरबंद करावा व अध्यक्ष आणि सचिव यांच्या संयुक्त ताब्यात ठेवावा. सर्व्हरची एक वही ठेवून तीत खरेदीची तारीख, हमीची मुदत, प्रत काढल्याच्या तारखा व झालेले बिघाड नोंदवावेत. तंत्रज्ञ बदलला तरी काम अडू नये, यासाठी ही वही अत्यंत उपयुक्त ठरते. निकामी झालेली डिस्क भंगारवाल्यास देण्यापूर्वी तीवरील मजकूर पूर्णपणे नष्ट करावा व यंत्र अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

चार-सहा माणसांच्या साधारण संस्थेला ८ गिगाबाइट मेमरीचा मिनी संगणक किंवा हमीसह घेतलेला वापरलेला लहान संगणक, १ टेराबाइटची एसएसडी, दोन बाह्य हार्डडिस्का, एक यूपीएस व एक गिगाबिट स्विच एवढी सामग्री पुरे आहे. घरासाठी एका पट्टीचा संगणक व एक बाह्य डिस्क यांवर भागते. पैसे कमी पडत असल्यास यंत्र साधे घ्यावे, परंतु दुसरी प्रत व यूपीएस यांत काटछाट करू नये.

ही सर्व तयारी मे महिन्याच्या आत पूर्ण करावी. नांगरणी व बांधबंदिस्ती ज्याप्रमाणे मृगापूर्वी उरकतात, त्याचप्रमाणे यंत्र उंचावर बसविणे, बॅटरी तपासणे आणि प्रत दुसऱ्या गावी पोहोचविणे ही कामे पावसाची वाट न पाहता करावीत. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या कार्यक्षेत्रातील संस्थेत जाऊन, ‘आज हा संगणक बंद पडला तर उद्या सकाळी कामकाज कशावर चालेल?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर त्याच बैठकीत पहिली बाह्य डिस्क घेण्याचा ठराव करून घ्यावा. सर्व्हरची खरेदी त्यानंतर सावकाश झाली तरी चालेल.